रोमच्या कागदावर जरीचा काठ

आमच्या मालकीणबाईंच्या घरात देवादिकांची चित्रं नव्हती, ‘प्रिंट्स’ होत्या. हा फरक त्या भाडं घेताना, नळाची तक्रार ऐकताना, कधीही समजावून सांगायच्या. बेंगळुरूच्या शिवाजीनगरात दुकानांत मिळतात ती कॅलेंडरं, लाल हृदयातून किरणं निघणारी आणि खाली बल्ब लावलेली. त्यांच्या दिवाणखान्यात होती ती थेट रोमहून आलेली, जाड कागदावरची, शेकडो वर्षांपूर्वीच्या थोर चित्रकारांची. कागद हात लावून बघा म्हणायच्या आणि कोणी हात पुढे केला की ओरडायच्या. येशूच्या आईपुढे गुडघे टेकण्याआधी माणसानं कागदाची जाडी मान्य केली पाहिजे, असा त्यांचा एकूण धर्म होता.

मी आणि आई त्यांच्या बंगल्यामागच्या दोन खोल्यांत राहायचो. बाबा गेल्यापासून आई चिकपेटच्या एका फ्रेमवाल्याचं काम घरी आणायची. छापील लक्ष्मी-सरस्वतीला खऱ्या कापडाची साडी चिकटवायची, वर जरीचा काठ आणि टिकल्यांचे दागिने. नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत बेंगळुरूच्या निम्म्या देव्हाऱ्यांतल्या देवी मीच नेसवल्यात, असं ती सांगायची.

मालकीणबाईंचा मुलगा इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला होता. बाईंच्या बंगल्यात त्याला फक्त जमीन दिसायची. एकदा तो बिल्डरला घेऊन आला, आमच्या न्हाणीघरासकट सगळं मोजून गेला आणि जाताना आम्हाला दुसरी जागा बघायला सांगून गेला. माझी नोकरी नवी होती आणि घरमालक आगाऊ रक्कम म्हणून जे मागायचे, ते ऐकूनच आईच्या तोंडचं पाणी पळायचं. रस्त्यावर यायची वेळ आली, असं मला खरंच वाटत होतं.

त्याच सुमारास मालकीणबाईंकडे नवी प्रिंट आली. मेरी आणि मांडीवर बाळ. ऑक्टोबरात घरी जपमाळेची प्रार्थना असायची, तेव्हा फादरांच्या हस्ते तिचं अनावरण व्हायचं होतं. बाई लग्नाला मंगळूरला निघाल्या होत्या. फ्रेम करून भिंतीवर लावून ठेवा, एवढं आईला सांगून त्या गेल्या.

आईनं ते चित्र समोर ठेवून बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, बाळंतीण बाई आहे आणि हातात बांगडी नाही, गळा ओका, काय हे. बाईंना खूश केलं तर त्या मुलाची समजूत घालतील, हा हिशेब त्यात होताच, पण बांगडीचं दुःख जास्त खरं होतं. मी परोपरीनं सांगितलं की हे असंच असतं, थोर कलेला हात लावू नकोस. पण आई ऐकणाऱ्यांतली नव्हती. तिनं मेरीला मोरपिशी साडी नेसवली, बोटभर जरीचा काठ लावला, हिरव्या बांगड्या भरल्या. बाळ उघडं होतं, त्याला काळा करदोटा आणि गालावर तीट. कुंकू मात्र लावलं नाही. तेवढा दुसऱ्याचा धर्म मला कळतो, असं म्हणाली.

मालकीणबाई आल्या त्या थेट प्रार्थनेच्या संध्याकाळी. चित्रावर पडदा होता. फादरांनी तो ओढला. बाईंचा चेहरा त्या जाड कागदाइतकाच पांढरा झाला. मी दाराशी उभी राहून मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं होतं.

तेवढ्यात बाईंची स्वयंपाकीण पुढे झाली. इतकी वर्षं ती त्या प्रिंट्सवरची फक्त धूळ पुसत आली होती. तिनं गुडघे टेकले, छातीवर क्रूस काढला आणि साडीच्या काठाला बोट लावून ते डोळ्यांना लावलं. मग बाकीच्या बायकांची रांग लागली. शिवाजीनगरच्या चर्चमध्ये जत्रेला मेरीला साडी नेसवतात, तशी इथे घरात नेसलेली बघून त्या हरखल्या होत्या. फादर म्हणाले, श्रद्धा मातीत रुजते ती अशी, आणि ही सुंदर कल्पना कोणाची?

“माझी,” मालकीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्याकडे येऊन दबक्या आवाजात विचारून गेल्या की हे सोलून निघेल का. आई म्हणाली, निघेल, पण बरोबर मेरीचा चेहराही येईल. बाई तशाच परतल्या. पण आठवडाभर बंगल्यात चित्र बघायला बायका येत राहिल्या, कॉफी होत राहिली, आणि मग बाईंनी स्वतःच पंखवाला देवदूत आईकडे पाठवला. कागदाच्या जाडीचा विषय त्या घरातून हद्दपार झाला. मुलानं आमच्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की फादरांनी नावाजलेलं काम चालू आहे, ते पुरं झाल्याशिवाय कोणी कुठे जाणार नाही.

शेवटी दिवाणखान्यातलं सर्वांत मोठं चित्र आलं, येशूचं शेवटचं भोजन. टेबलाशी तेरा पुरुष. एका बैठकीत चार देवी नेसवणाऱ्या आईचा हात अचानक जड झाला. एकेका शिष्याच्या उपरण्याला महिना लागायला लागला. कधी खळ बिघडायची, कधी जरीचा काठ मिळायचा नाही. तिची लबाडी मला दिसत होती आणि मला ती फार आवडत होती.

एका रविवारी मालकीणबाई काम बघायला आल्या. मुलगा फाटकाशी गाडीत बसून हॉर्न वाजवत होता. चौघेच नेसून बसले होते, बाकीचे तसेच. आता बोलणी खावी लागणार म्हणून मी पुढे झाले. पण बाईंनी आधी दार लोटून घेतलं.

“स्वल्प, थोडं सावकाश करा, अक्का,” त्या आईला म्हणाल्या. “हे संपलं की तो तुम्हाला बाहेर काढेल आणि मला नेऊन त्याच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत ठेवेल.”

आईनं चौथ्या शिष्याचं उपरणं, अजून ओलं होतं ते, अलगद उचकटून काढलं आणि याला कोणता रंग शोभेल असं विचारलं. बाहेर हॉर्न वाजतच होता. मालकीणबाई खाली सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, सगळे रंग दाखवा.