वरच्या ओळीतला माणूस

चार माणसं दर शनिवारी एका खोलीत जमली की किस्से साठतातच. भजनी मंडळात साठतात, पत्त्यांच्या अड्ड्यावर साठतात. आमचं मंडळ मात्र उदास माणसांचं. तिथेही साठतात! फरक एवढाच, की आमचे किस्से सांगून झाल्यावर लोक हसतात आणि मग हळूच खोलीच्या दाराकडे बघतात.

सुरुवात माझ्यापासून करतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की प्रधानांनी स्वतःचं झाकून ठेवलं.

बायको गेल्यावर दुसऱ्या वर्षी मला सकाळी उठता येईना. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत काढली, लोकांच्या रजा आणि गैरहजेऱ्या सांभाळल्या, आणि आता स्वतःच गैरहजर! एकदा तर असा गेलो होतो की परत येईन की नाही, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. शेजारच्या कर्णिकवहिनींनी वेळेवर दार ठोठावलं म्हणून हे लिहितोय.

परळच्या एका मोठ्या इस्पितळात मला पाठवलं. मानसोपचाराची रांग आणि हाडांची रांग शेजारी शेजारी. मी दोन आठवडे हाडांच्या रांगेत उभा राहिलो. ओळखीचं कोणी भेटलं तर सांगायला बरं! तिसऱ्या आठवड्यात एक तरुण डॉक्टरीण पोरगी बाहेर आली आणि म्हणाली, "काका, गुडघा दुखतोय का?"

मी म्हटलं, "नाही. सकाळ दुखते."

"मग या इकडे," ती म्हणाली.

तिने गोळ्या दिल्या आणि एक पत्ता दिला. बजावलं, "गोळ्या आणि शनिवार, दोन्ही सोडायचे नाहीत. बरं वाटलं तरी नाही. मागच्या वेळी कुठवर गेला होतात, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं.

*

पत्ता प्रभादेवीच्या एका शाळेचा. पहिला मजला, बालवर्ग, दुपारी चार ते सहा. खुर्च्या बालवर्गाच्याच, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीला. अशा अवस्थेत माणूस फार वेळ दुःखी राहू शकत नाही, हा आमच्या मेधाताईंचा सिद्धांत. मेधाताई म्हणजे समुपदेशक, हे मंडळ त्याच चालवतात.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे एक वही टाकली. "तुम्ही मस्टर सांभाळायचात ना? हजेरी घ्या."

मस्टर हातात आलं आणि माझा कणा ताठ झाला. आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पण इथे 'हजर' म्हणायचं नाही, 'प्रेझेंट' म्हणायचं नाही. म्हणायचं, 'आहे'. मेधाताई म्हणतात, "तेवढं मोठ्याने म्हणता आलं तरी आठवडा निघतो."

आणि दुसरा नियम. जो गैरहजर, त्याची चौकशी त्याच्या वरच्या ओळीतल्या माणसाने त्याच दिवशी करायची. फोनवर त्याच्या तोंडून 'आहे' ऐकल्याशिवाय घरी जायचं नाही. पहिल्या ओळीची जबाबदारी ताईंची.

सगळ्यांची नावं मी सुवाच्य अक्षरात लिहिली. स्वतःचं लिहिलं नाही. मस्टर ठेवणारा कारकून मस्टरमध्ये नसतो. शिवाय मी काही पेशंट नव्हतो. मी हजेरीवाला होतो!

*

प्रज्ञा कांबळे आमच्यात वयाने सर्वांत लहान. बँकेत नोकरीला. वरळीच्या चाळीत जन्म गेला, आणि आता पुनर्विकासाच्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर.

"चाळीत शिंक आली तरी चार घरं विचारायची, काय गं, सर्दी?" ती सांगत होती. "इथे अकरा दिवस कोणाशी बोलले नाही, कोणाला कळलंच नाही."

त्या टॉवरच्या पॅसेजमध्ये सेन्सरचे दिवे. माणूस आला की आपोआप लागतात. एका संध्याकाळी ती ऑफिसातून आली, लिफ्टबाहेर पाऊल टाकलं, दिवा लागला नाही. हात हलवला, टाळी वाजवली, उड्या मारल्या. अंधार. तेवढ्यात समोरच्यांची मांजर आली, आणि लख्ख उजेड! मांजर गेली, परत अंधार.

"मी तिथेच उभी राहिले काका. म्हटलं, मांजर आहे आणि मी नाही?"

आठवडाभर असंच. मग डॉक्टरांकडे जायची तारीख आली, तिथे सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे औषध बदललं आणि सांगितलं, गुण यायला तीनेक आठवडे लागतील. चौथ्या आठवड्यात ती लिफ्टमधून बाहेर आली आणि दिवा लागला.

मी कारकून. म्हटलं, "मधल्या काळात इलेक्ट्रिशियनने दुरुस्त केला असेल."

"विचारलं मी त्याला," प्रज्ञा म्हणाली. "तो म्हणाला, मॅडम, या मजल्याची कंप्लेंटच नाही आली. बाकी सगळ्यांना दिवा लागत होता."

*

सावंत लालबागचे. गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखणारे. बाकीचे रंग कोणीही मारेल, डोळे सावंतच काढणार, असा माणूस.

दोन वर्षांपूर्वी त्यांची झोप उडाली, जेवण तुटलं, पण हात चालू होता. चाळीस मूर्तींचे डोळे आखले. मालक खूश! मग एक गिऱ्हाईक आलं, मूर्तीसमोर उभं राहिलं, डावीकडे सरकलं, उजवीकडे सरकलं, आणि म्हणालं, "मूर्ती सुंदर आहे हो. पण ही माझ्या मागे कोणाकडे बघतेय?"

चाळीसच्या चाळीस तशाच.

"माका म्हायतच नाय," सावंत म्हणाले. "आखताना माका वाटायचा, माझ्या पाठी कोणतरी उभो आसा. मी वळान बघी, कोण नाय. म्हणान मूर्तींकडसून बघून घेतलंय."

यंदाच्या हंगामात ते पुन्हा कामाला लागले. औषध चालू, शनिवार चालू. मेधाताईंनी विचारलं, "आता मूर्ती कुठे बघतात?"

"आता माझ्याकडे बघतत."

प्रज्ञाला राहवेना. "मग तो मागचा माणूस गेला का, सावंतकाका?"

सावंतांनी चहाचा घोट घेतला. "जाता खय? माझ्याबरोबर येता तो हय. दर शनवारी."

चौदा माणसं एकदम मागे वळली. बालवर्गाच्या खुर्च्यांवरून वळणं सोपं नसतं, दोघं पडले!

*

मस्टरमधली शेवटची ओळ आजगावकरांची. आजगावकर, दत्ताराम सखाराम. दादरचे, बसचे निवृत्त कंडक्टर. तिकिटं छेदायचा जुना पंच अजून खिशात. कोणाचं लक्ष वेधायचं असलं की तो लोखंडावर वाजवायचे. टिक-टिक, टिक-टिक.

शेवटच्या ओळीमुळे त्यांच्या खाली कोणी नव्हतं, म्हणून त्यांच्यावर कोणाची जबाबदारी नव्हती. हे त्यांना सहन होईना.

"प्रधान, तुमचं नाव घाला की माझ्या खाली. मला एक तरी पॅसेंजर द्या!"

"मी पेशंट नाही, आजगावकर."

"बरं. विनातिकीट चाललाय तर चाला," ते म्हणायचे.

मग त्यांनी स्वतःहून एक काम काढलं. जो फोन उचलत नाही, त्याच्या घरी हे जाणार. जिने चढवत नसत, म्हणून खाली उभं राहायचं, फाटकावर टिक-टिक करायची आणि मस्टरसारखं पूर्ण नाव घेऊन ओरडायचं. माणूस बाहेर येऊन 'आहे' म्हणेपर्यंत!

एकदा प्रज्ञाच्या टॉवरखाली गेले आणि बाविसाव्या मजल्याकडे तोंड करून, "कांबळे, प्रज्ञा सिद्धार्थ!"

वॉचमन धावला. "बाबा, इंटरकॉम है ना!"

"इंटरकॉमवर माणूस खोटं बोलतो रे. बाल्कनीत येऊन बोलत नाही."

प्रज्ञा बाल्कनीत आली. 'आहे' म्हणाली. नंतर तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, काचा बंद होत्या, एसी चालू होता. हाक नाही आली ऐकू. टिक-टिक आली."

*

गेल्या वर्षी आजगावकर गेले. झोपेत, हृदय बंद पडून. आम्ही सगळे गेलो होतो. मुलाने पंच त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवला होता, तो तसाच बरोबर गेला.

पुढच्या शनिवारी मी हजेरी घेत होतो. सवयीने शेवटच्या ओळीवर आलो आणि तोंडातून निघून गेलं, "आजगावकर, दत्ताराम सखाराम."

आणि बाहेरच्या जिन्यात, टिक-टिक.

"पंखो आसा तो," सावंत म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. त्या दिवशी सकाळपासून शाळेत वीज नव्हती.

नाव मी खोडलं नाही. मस्टरमध्ये खाडाखोड केलेली मला आवडत नाही.

*

आता माझं.

मला बरं वाटू लागलं. बरं वाटलेल्या माणसाइतका मूर्ख कोणी नाही! मी परस्पर गोळ्यांना रजा मंजूर केली. डॉक्टरिणीला सांगितलं नाही, मेधाताईंना सांगितलं नाही. शनिवारी जाऊन टेचात हजेरी घेत होतो.

महिन्याभरात सकाळ पुन्हा दुखू लागली. मग दुपार. मग एका शनिवारी तीन वाजता निघायला म्हणून शर्ट घ्यायला गेलो, एक हात बाहीत घातला आणि पलंगाच्या कडेवर बसलो. दुसरा हात घालायचं कारण सापडेना. चार वाजले. मी तसाच, एक हात आत, एक हात बाहेर. मागच्या वेळी जिथवर गेलो होतो, ती जागा मला अगदी जवळ दिसत होती. आणि कारकुनी डोकं हिशेबीपणे सांगत होतं, प्रधान, कोणी फोन करणार नाही. तुमचं नाव कोणाच्याच खाली नाही.

पावणेपाच झाले असतील. खाली आमच्या वाडीच्या फाटकावर टिक-टिक.

मी हललो नाही.

टिक-टिक. टिक-टिक. "प्रधान, मधुकर विनायक!"

मला भास नवे नाहीत. मी कान बंद केले. तेवढ्यात दारावर थाप पडली. कर्णिकवहिनी, हाताला पीठ, कपाळाला आठ्या.

"अहो भावजी, तो खालचा माणूस केव्हाचा बोंबलतोय! एकदाचं 'आहे' म्हणा ना त्याला!"

वहिनींना मी आमच्या मंडळाचं कधी काही सांगितलेलं नाही.

मी गॅलरीत गेलो. एक बाही लोंबत होती. खाली फाटक उघडं, वाडीत चिटपाखरू नाही. सकाळपासून न वापरलेल्या आवाजात मी म्हटलं, "आहे."

मग दुसरा हात बाहीत गेला.

टॅक्सी करून साडेपाचला शाळेत पोचलो. सगळे तिथेच, गुडघे हनुवटीला. "माझ्याकडे कोण आलं होतं?" मी विचारलं.

"कोणी नाही," प्रज्ञा म्हणाली. "आम्ही चारपासून इथेच. तुमचं नाव मस्टरमध्ये नाही ना काका. आम्हाला वाटलं, कुठे लग्नाबिग्नाला गेला असाल."

मी गोळ्यांचं सांगून टाकलं. मेधाताई रागावल्या नाहीत. तिथल्या तिथे डॉक्टरिणीला फोन लावला आणि म्हणाल्या, "सोमवारी नऊ वाजता. मी येतेय बरोबर. आणि हाडांच्या रांगेत उभे राहू नका."

मग मी वही ओढली, पेन काढलं, आणि शेवटच्या ओळीखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: प्रधान, मधुकर विनायक.

प्रज्ञा खांद्यावरून बघत होती. "काका, आजगावकरांच्या खाली? मग तुम्ही नाही आलात तर तुम्हाला फोन कोण करणार?"

"फोन नाही करत ते," मी म्हटलं.