पायाळूची लाथ

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी बाहेर आले. एवढ्या एका अपघातावर आमच्या वस्तीने मला वैद्य ठरवून टाकलं. कुणाच्या पाठीत चमक भरली की तो आमच्या ओट्यावर येऊन पालथा पडायचा आणि मी त्याच्या पाठीला लाथ लावायची. तीन वेळा. मग गुळाचा खडा मिळायचा. सहा वर्षांचा असताना मला ह्याचा गर्व होता.

वडील चळवळीतले. घरात पुस्तकं कमी, अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी वाचायला शिकलो तो त्या पत्रकांवरूनच. पण त्याच गठ्ठ्यांशेजारी लोक पालथे पडायचे आणि वडील भिडेपोटी तोंड फिरवून बसायचे. त्यांचंही मला फारसं कौतुक नाही.

नववीत विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर माणसाची चेतासंस्था काढली. चित्र सुंदर होतं, हे मान्य करतो. वर मोठा मेंदू: विचार, आठवण, इच्छा. त्याच्या मागे, खाली लहान मेंदू, तोल सांभाळणारा. मग देठासारखा भाग, जो आपण झोपलो तरी श्वास चालू ठेवतो. तिथून निघालेला मज्जारज्जू, करंगळीएवढा जाड, मणक्यांच्या पोकळीतून कमरेच्या जरा वरपर्यंत उतरलेला. मेंदूचा हुकूम खाली नेणारा आणि तळपायाची खबर वर आणणारा. “हा एकदा तुटला की परत जुळत नाही,” असं म्हणून सरांनी डस्टर आपटला. मधल्या सुट्टीत त्यांनी मला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि टेबलावर पालथे झाले. “हळू लाव लेका, कालपासून लई चमक हाय.” त्यांच्या बोटांना अजून खडू होता. मी लाथ मारली. ती शेवटची.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अंबाजोगाईच्या कॉलेजातून वस्तीवर आलो होतो. शेजारी शेळ्या राखणारे मामा राहतात. नात्याने मामा नव्हेत, पण लहानपणापासून मामाच. ते शेळ्यांसाठी कडूलिंबाचा पाला तोडायला झाडावर चढले आणि फांदी मोडून पाठीवर पडले. मी धावत पोचलो तेव्हा ते उताणे होते, शुद्धीवर होते आणि पाय हलत नाहीत म्हणून रडत होते. मी बाभळीचा काटा घेऊन त्यांच्या तळपायावर ओढला.

“कळतंय का मामा?”

“मुंग्या चालल्यावाणी वाटतंय.”

उजवा अंगठा किंचित हलला. डावा नाही. म्हणजे मणका मोडला असला तरी आतून खबर अजून जात होती. मी रुग्णवाहिकेला फोन लावला आणि मामांना कुणी हलवू नका, असं ओरडून सांगितलं.

तेवढ्यात गावचे पुढारी गाडीतून उतरले. त्यांना सगळे आबा म्हणतात, कारण न म्हणायची हिंमत कुणात नाही. त्यांनी मामांकडे नीट बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघितलं.

“पायाळू हाय न्हवं तू? मग बघत कावून बसलास? घ्या रे ह्याला पालथा. लाव बे लाथ, मग बसवू गाडीत.”

“आबा, मणका मोडलाय. आतला मज्जारज्जू दबला तर माणूस जन्मभर बसून राहील.”

“तू डाक्टर कवा झालास?”

“नववीत शिकवलंय.”

“नववी आमी बी केली. दोनदा.”

लोक हसले. पाठ मोडलेल्या माणसाच्या उशाशी उभे राहून हसले. आबांच्या कवटीतही तोच सव्वा किलोचा अवयव आहे, त्यात तेवढ्याच अब्जावधी पेशी आहेत, ह्या गोष्टीचा मला आजही संताप येतो. त्यांनी तो हार घालून घ्यायला मान ताठ राहावी एवढ्यापुरताच वापरला. आणि हसणाऱ्यांनी तर तेवढाही नाही.

चौघे पुढे झाले. एकाने मामांच्या काखेत हात घातला. तेव्हा मामी उठल्या. त्या इतका वेळ मामांचं डोकं दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. पाला तोडायचा कोयता शेजारीच पडला होता, तो त्यांनी उचलला.

“मागल्या साली मोटरसायकलनं शेळी उडवली. बसल्या जागी पाय हलवत हुती. तुमच्यातल्याच दोघांनी धरून उभी केली आन् तवाच तिचे मागले पाय गेले. आता ह्यांना हात लावून दावा.”

“अगं, शेळी आन् माणूस सारखंच का?”

“पाठ सारखीच हाय, आबा. सरका मागं.”

माझा नववीचा धडा, माझी सगळी पत्रकं ह्या बाईने एका शेळीवरून शिकून घेतली होती. आबा गाडीत बसून निघून गेले. पाऊण तास आम्ही मामांवर सावली धरून बसलो. मग रुग्णवाहिका आली आणि त्यांना सरळच्या सरळ फळीवर घेतलं. मोठ्या दवाखान्यात पाठीचं ऑपरेशन झालं. मज्जारज्जू दबला होता, तुटला नव्हता, असं डॉक्टरांनी मामींना सांगितलं.

आठ महिन्यांनी मामा काठीवर चालू लागले. डावा पाय ओढत, पण चालू लागले. मी भेटायला गेलो तेव्हा ते शेळ्यांपाशी बाजेवर बसले होते. मी आनंदाने पुढे झालो, तर त्यांनी डाव्या पायाकडे बोट केलं.

“हे तुझं काम. त्या दिशी लाथ लावली असतीस तर ह्यो बी सुटला असता.”

मी त्यांना सगळं पुन्हा सांगितलं. मणका, पोकळी, दोर, हुकूम, खबर. मातीत काटकीने चित्रही काढलं. त्यांनी शेवटपर्यंत मान डोलवत ऐकलं. मग मामींकडे वळून म्हणाले, “पोरगं लई शिकलंय. पर मनानं कठीण हाय.”

मामींनी शेळीची धार काढता काढता वर बघितलं. “तवा लाथ लावली असती तर जन्मभर बसून ऱ्हायला असता. काठीवर तरी चालला असता का?” त्या म्हणाल्या.

मामा काठी टेकून उठले, माझ्याकडे पाठ केली आणि सदरा वर उचलला. ऑपरेशनचा व्रण मणक्यांवरून सरळ खाली गेला होता.

“आता तरी लाव. हळू लाव.”

मी नाही म्हणालो. त्यांनी सदरा खाली सोडला आणि त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.