सरळ केलेला टेलस्टॉक

आयटीआयची टर्नर सून, म्हणजे मी, सासऱ्यांनी हौसेनं करून आणली आणि लग्नाच्या आठवड्यातच तलासरीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभी केली. पाच वर्षं मी ती चालवली. लांब शाफ्टचं सेटिंग मात्र तेच करायचे.

मला तारापूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली. ते नाही म्हणाले नाहीत. "तुझ्या जागी कुणी सरळ शाफ्ट काढून देऊ दे, मग जा," एवढंच म्हणाले.

कैनाडचा एक टर्नर ठरला. त्याला त्रास नको म्हणून आदल्या दिवशी मी टेलस्टॉक, म्हणजे शाफ्टचं दुसरं टोक धरणारा भाग, खुणेला खूण जुळवून मध्यावर आणला. तो कायम थोडा मागे, टूलपासून दूर, सरकलेला असायचा. म्हाताऱ्याचा गलथानपणा, असं मनात म्हणालेही.

दुसऱ्या दिवशी चिंचणीच्या एका बोटीचा शाफ्ट चढवला, तर टेपर आला. चकाकडे, म्हणजे शाफ्ट धरून फिरवणाऱ्या टोकाकडे, जाड; पुढे बारीक. टर्नरनं टूल बदललं, कट हलका घेतला. तेच. दुपारी त्यानं डबा उचलला. "वहिनी, हे मशीन तुमच्या घरच्यांनीच चालवावं," म्हणाला आणि गेला.

सोमवारी मला तारापूरला हजर व्हायचं होतं. टेलस्टॉक लांब ढकलला, जाड आखूड तुकडा नुसता चकात धरून कट मारला. तरी टेपर, म्हणजे दोष टेलस्टॉकमध्ये नव्हता. मग लेथच्या बेडवर, म्हणजे टूल ज्यावरून सरकतं त्या रुळावर, बोट फिरवलं. चकाजवळ तो झिजून खाली गेला होता. तीस वर्षांची छोटी कामं सगळी तिथेच झालेली.

सासरे स्टुलावरून बघत होते.

"बाबा, झीज आहे. टेलस्टॉक मागे ठेवून तुम्ही ती भरून काढत होता."

"हां. आणि तू तो सरळ केलास."

"किती मागे, ते लिहून द्या ना."

"दर लांबीला वेगळं. झीजही वाढतेच. लिहून काय देऊ?"

मी गेज लावून टेलस्टॉक मागे घेत गेले. तिसऱ्या खेपेला दोन्ही टोकं सारखी आली. इतका आनंद झाला की धावत जाऊन मायक्रोमीटर त्यांच्या हातात दिला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, तो असा.

"आता हे तुलाच येतं," ते म्हणाले. "मला हल्ली आकडे नीट दिसत नाहीत." त्यांच्या बोलण्यात कावा नव्हता, म्हणून भांडताही येईना. मला रडू आलं.

सोमवारी मी घरच्याच वर्कशॉपमध्ये एप्रन बांधला. त्यांची अट पुरी झाली होती. सरळ शाफ्ट काढणारं माणूस मिळालं होतं, आणि ते मीच होते.