चंद्रजोतीचं कुंपण

खिचडीमामी माणसाचं मनगट धरायच्या. परसबागेतल्या पानाला कोणी हात लावला की त्यांची पकड बसलीच. "आधी नाव सांगा, मंग तोंडात घाला." पहिलीतलं पोर असो की तपासणीला आलेले साहेब, सूट कोणालाच नव्हती. एकदा टमाटर तोडताना साहेबांनी घाबरून स्वतःचंच नाव सांगितलं. पोरं आठवडाभर हसत होती.

चिचगडजवळच्या आमच्या शाळेत त्या पोषण आहार शिजवायच्या. भात चुलीवर चढवला की पोरांना घेऊन वाफ्यात. माझ्या विज्ञानाच्या तासाला पेंगणारी पोरं त्यांच्यामागे मात्र तरोटा, अंबाडी, मुंगना ओळखत फिरायची. पान चुरायचं, वास घ्यायचा, नाव सांगायचं, मगच चाखायचं. नाव चुकलं तर पान मातीत. मला त्यांचा हेवा वाटायचा, हे कबूल करते.

शेळ्यांनी वांगी फस्त केली तेव्हा चंद्रजोतीचं, म्हणजे मोगली एरंडाचं, कुंपण करायचं मी ठरवलं. शेळी तिला तोंड लावत नाही आणि फांदी खोचली की जगते. मामी अडून बसल्या. "लेकरायचा हात पुरते तिथं हे कायले लावता, मॅडम? हिच्या बिया जहर आहेत."

"भाजीचं तुम्ही बघा, मामी. कुंपणाचं मी बघते," मी फटकारलं. फांद्या शेवटी मामींनी स्वतःच्याच हातांनी खोचल्या.

दुसऱ्या वर्षी धानाच्या कापणीत, दुपारच्या सुटीनंतर, पाच पोरं ओकायला लागली. पूनमला तर धड उभंही राहवेना. जीपमध्ये घालून आम्ही दवाखाना गाठला. मागोमाग आईबाप शेतातून धावत आले, काहींच्या हातात विळे तसेच होते. "काय चारलं वं आमच्या लेकरायले?" एक जण मामींच्या अंगावर धावून गेला. "खिचडीत पाल पडली असन!" डॉक्टर पोरांना पुन्हा पुन्हा विचारत होते, काय खाल्लं? एकही तोंड उघडेना. कुंपणाचा विचार माझ्या मनात आलाच नाही. की आला आणि मी तो ढकलला? अजूनही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

मामी पूनमच्या खाटेशी बसल्या. तिची मूठ त्यांनी हळूच उघडली. आत काळं टरफल होतं.

"पूनम, काऊन नाही सांगतली?"

"नाव मालूम नव्हतं, मामी."

नाव माहीत नसताना खाल्लं होतं, मामींचा नियम मोडला होता. त्या भीतीनं पाचही पोरं मुकी झाली होती. मामी उठून डॉक्टरांपुढे गेल्या. "चंद्रजोत खाल्ली, साहेब. कुंपण मीनं लावलं."

मी तीन हातांच्या अंतरावर उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. माझी जीभ उचलली नाही.

संध्याकाळपर्यंत पोरं सावरली. दोन दिवसांनी गावानं सभा भरवून मामींना कामावरून काढलं. त्या सभेतही मी हजेरीपटात डोकं घालून बसले. नोकरी, गाव, लोकांचे डोळे, सगळ्याचीच भीती वाटत होती.

शेवटच्या दिवशी मामी कुऱ्हाड घेऊन आल्या आणि अख्खं कुंपण मुळापासून काढलं. एक फांदी तेवढी ठेवली. मग पोरांना रांगेत उभं करून एकेकाला फळ दाखवलं आणि म्हणायला लावलं, "चंद्रजोत. खाची नाही." पूनमनंही म्हटलं. रांग संपली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"तुमी बी म्हना, मॅडम."

मी म्हटलं. त्यांनी हात सोडला, पदराला पुसला आणि शेताच्या धुऱ्यावरून निघून गेल्या. रागावल्या असत्या तर सोसलं असतं.

आता नवी पोरं आली की मी त्यांना आधी त्या मोकळ्या जागेपाशी नेते. इथं काय होतं ते सांगते, आणि ते कोणाच्या हट्टानं लागलं होतं तेही. पोरांना सांगणं सोपं होतं. मोठ्यांसमोर बोलायला दोन वर्षं गेली. यंदा गावाच्या सभेत मी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. मामी बायकांच्या मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली, पोराचं उत्तर बरोबर आलं की हलवायच्या तशी.