आप्पांचा डावा हात

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला माहेरी होते. सकाळचा चहा व्हायचा होता. माझा नवरा महेश लातूरहून बोलत होता. "आप्पा गेले... झोपेतच." मी आधी विचारलं, "त्रास झाला का?" तो म्हणाला, "न्हाई गं. काल धपाटं-दही खाल्लं, उशी सरळ करून घेतली आणि झोपले." मी खाली बसले आणि कितीतरी दिवस अडकून राहिलेला श्वास मोकळा झाला. सासरे गेल्याचं ऐकून सुनेला हायसं वाटावं, हे ऐकायला बरं नाही वाटत. पण आमच्या घरी येणंजाणं असलेल्यांना ते कळेल. पुन्हा अर्धांगाचा झटका आला तर घास गिळता येणार नाही, नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. आप्पा मरणाला भीत नव्हते, त्या नळीला भीत होते. ती वेळ त्यांच्यावर आली नाही.

आमचं लातूरला भांड्यांचं दुकान आहे, दुकानामागे घर आणि दुकानाच्या वर पूलचा, म्हणजे टेबलावर काठीनं चेंडू मारायच्या खेळाचा, हॉल. तरुणपणी माल आणायला आप्पा हैदराबादला जायचे, तिथे त्यांना हा खेळ लागला. कपाळाला विभूती लावलेला माणूस खाली पातेल्या विकतो आणि वर पोरांना पूल खेळवतो, याचं बाजारात पहिल्या पहिल्यांदा हसू व्हायचं. आप्पांनी ते मनावर घेतलं नाही. हॉल महेश बघायचा, दुकान आप्पा आणि मी. पण खेळायच्या काठ्यांचं काम मात्र त्यांनी कुणाला दिलं नाही. क्यूचा, म्हणजे या काठीचा, पुढचा निमुळता भाग, ज्याला शाफ्ट म्हणतात, तो बोटांच्या बेचक्यातून सरकतो. घाम आणि टोकाला लावायच्या खडूची भुकटी त्यात मुरली की तो अडकायला लागतो, नेम चुकतो. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की हॉलमागच्या गच्चीवर सावलीत बसून आप्पा एकेक शाफ्ट साफ करायचे. ओलसर फडक्यानं पुसायचं, वाळू द्यायचं, उठलेली कुसं बारीक पॉलिश पेपरनं बसवायची, मग फडक्यावर थेंबभर सीलर घेऊन पातळ हात फिरवायचा, म्हणजे घाम लाकडात शिरत नाही. शेवटी मेण लावून चामड्याच्या तुकड्यानं घासायचं, लाकूड गरम होईपर्यंत. लग्न होऊन आले तेव्हा मी त्यांच्याशी दोन शब्द बोलायलाही घाबरायची. चहा द्यायला वर जायची आणि हे बघत उभी राहायची. एकदा त्यांनीच दुसरी खुर्ची ओढली. "उभं राहून पाय दुखतील, माय. बस." आमचं बोलणं सुरू झालं ते असं, त्या गच्चीवर.

मग दोन वर्षांपूर्वी झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. भरवायला गेलं की ओठ मिटायचे. महेश समोर बसून बोलायचा, चिडायचा, मग बाहेर जाऊन डोळे पुसायचा. हा माणूस आता असाच, भिंतीकडे बघत जाणार, असं आम्ही दोघंही मनात म्हणत होतो, एकमेकांना सांगत मात्र नव्हतो.

अशात फरहीन आली. ती माझ्या माहेरची, नांदेडची. लातूरला कॉलेजात शिकायला होती आणि आमच्याकडे सरावाला यायची. तिच्या निवड स्पर्धेला जेमतेम दोन दिवस राहिले होते आणि तिनं चिकटपणा जावा म्हणून शाफ्ट चक्क नळाखाली धुतला होता. तो सगळा खरखरीत झाला होता. "भाभी, दुसऱ्या क्यूवर माझा हातच बसत नाही," ती म्हणाली आणि रडायच्या बेताला आली. मी कधी हे काम हातानं केलेलं नव्हतं, नुसतं बघितलेलं. तरी हो म्हणाले. पूर्ण वाळू दिला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पांच्या पलंगाशेजारी सतरंजी टाकून बसले. वर एकटीनं करायचा धीर नव्हता, एवढंच कारण. पेपरनं घासायला लागले तसं आप्पांनी मान वळवली. माझं लक्ष होतं, पण मी दाखवलं नाही. भीतीपोटी मी सीलर जरा जास्तच लावला, म्हटलं कमी नको पडायला. वाळल्यावर शाफ्ट काचेसारखा चमकायला लागला. मला बरं वाटलं. मी तो त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी बोटांच्या बेचक्यात धरला, मी मागून सरकवला. तो बोटाला चिकटत, अडकत गेला. आप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तोंड वाकडं झालं, जीभ चाचपडली आणि शब्द आला, "न्हाई."

मी जिन्यातूनच वर हॉलमधल्या महेशला हाक मारली. तो धावत आला. "आप्पा बोलले?"

"हाव. न्हाई म्हणाले."

आम्ही दोघं हसायला लागलो, आणि हसता हसता महेश पलंगाच्या कडेवर बसून रडला. आप्पा मात्र आमच्याकडे बघतच नव्हते. डाव्या हातानं माझ्या मांडीवरचा पॉलिश पेपर दाखवत होते... पुन्हा कर.

सीलरचा तो सगळा थर घासून उतरवून मी पुन्हा सुरुवात केली. या खेपेला थेंबभर सीलर, पातळ फडकं. जास्त झालं की त्यांचा हात माझ्या मनगटावर यायचा. तेव्हा मला कळलं, की उजव्या हातानं खेळणारा माणूस काठी मारतो उजव्यानं, पण शाफ्ट सरकतो तो डाव्या हाताच्या बोटांतून. आजारानं त्यांचा मारणारा हात नेला होता, जोखणारा ठेवला होता. संध्याकाळी शाफ्ट त्यांच्या बेचक्यातून निघाला तो आवाजसुद्धा न करता. त्यांनी डोळे मिटून घेतले. त्या रात्री ते वाटीभर खिचडी जेवले.

फरहीनची निवड झाली. पण झाली नसती तरी आमचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यानंतर आप्पांना खुर्चीत बसवून आम्ही रोज दुपारी गच्चीवर नेत गेलो. मी घासायची, ते जोखायचे. शब्द थोडेच परत आले, पण कामाला पुरतील एवढे. माणूस पुन्हा आमच्याकडे तोंड करून बसला होता, आणखी काय पाहिजे... शेवटपर्यंत ते तसेच राहिले. माती देताना महेशनं मला एवढंच म्हटलं, "सुटले गं. चांगले सुटले." मी मान हलवली.

मागच्या आठवड्यात दुपारी मी गच्चीवर एकटीच बसून शाफ्टला मेण चढवत होते. महेश काही विचारायला वर आला आणि दारातच थांबला. चामड्याचा तो घासण्याचा आवाज ऐकत राहिला. "मला वाटलं, आप्पाच..." तो म्हणाला. मी शाफ्ट त्याच्या हातात दिला. लाकूड अजून गरम होतं. तो आप्पांच्या खुर्चीत बसला आणि ते निवेपर्यंत हातात धरून राहिला.