व्हिसाचा कागद

आंबा उतरवायला लागून चारच दिवस झाले होते, आणि आमच्या बागेचा राखणदार हातात मोबाइल घेऊन माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"काका, माझा व्हिसा आला. सोमवारी मुंबईहून विमान आहे."

तो नेपाळचा. पूर्णगडच्या वाटेवर आमची कलमं आहेत, तिथल्या खोपटात सहा वर्षं बायकोबरोबर राहत होता. फवारणी, माकडांपासून राखण, झाडावर चढून आंबा काढणं, सगळं त्याच्यावर. आमच्या वाडीत हे करणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. निम्म्या घरांना कुलपं आहेत. मुलं मुंबईत, नाहीतर आखातात. माझा मुलगाही तिकडेच. मी स्वतः वीस वर्षं तिथे काढून परतलो होतो. आणि आमच्या रिकाम्या जागा भरायला आलेल्या या माणसाच्या गावात, तो सांगायचा, भाताच्या लावणीला आता फक्त बायका आणि म्हातारे उरलेत.

मी कागद वाचला. वर इंग्रजीत कंपनीचं नाव होतं, खाली अरबीत एक शब्द. झियारा. तिकडे राहून मला तेवढं वाचता येतं. झियारा म्हणजे भेट. पाहुणा म्हणून जायची परवानगी, कामाची नव्हे.

"हा कामाचा व्हिसा नाही. जाऊ नकोस."

त्याने फळांनी वाकलेल्या फांद्यांकडे बघितलं. मग शांतपणे विचारलं, "आंबा उतरायचा आहे म्हणून सांगता ना, काका?"

मी भडकलो. "सहा वर्षांत हेच ओळखलंस मला?" असं काहीतरी ओरडलो. पण राग यायचं कारण मला ठाऊक होतं. कागद हातात घ्यायच्या आधीच माझ्या डोक्यात आलं होतं, आता आंबा कोण काढणार?

दोन दिवस तो कामावर आला, पण बोलेना. त्याच्या बायकोने सामान बांधायला घेतलं. ती गावी जाणार होती. रविवारी सकाळी माझी बायको म्हणाली, "त्याच्या एजंटाला फोन लावा. त्याच्या समोर लावा. तुमच्यावर नाही, स्वतःच्या कानांवर तरी विश्वास ठेवील."

खोपटाच्या अंगणात आम्ही चौघं बसलो. फोन स्पीकरवर होता. मी हिंदीत विचारलं, "कामाचा व्हिसा कुठे आहे?"

"तिथे पोचल्यावर बदलून मिळतो," एजंट म्हणाला. "सगळे असेच जातात. तुम्ही कोण?"

"लेखी द्याल?"

फोन कट झाला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

राखणदार तरीही म्हणाला, "बदलून मिळत असेल. सगळे खोटं कशाला बोलतील?"

तेव्हा मी ते सांगितलं, जे बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. मलाही असंच सांगितलं होतं, तिथे गेल्यावर बदलून मिळेल. बदलून मिळालं नाही. तिथल्या सरकारने माफी जाहीर करून कागद देईपर्यंत दीड वर्ष मी कागदांशिवाय राहिलो. दिवसा खोलीबाहेर पडायचं नाही, दारावर थाप पडली की दिवा बंद करून श्वास धरायचा. त्याच काळात माझे वडील गेले. "सुट्टी मिळाली नाही" असं मी घरी कळवलं होतं. सुट्टी देणारं कुणी नव्हतंच. विमानतळावर गेलो असतो तर थेट तुरुंगात गेलो असतो.

बायको माझ्याकडे बघत राहिली. पंचवीस वर्षं ती नातेवाइकांना सांगत आली होती की साहेबाने सोडलं नाही.

त्याच्या बायकोने उठून बांधलेली गाठोडी सोडली. सोमवारी तो गेला नाही.

मे उजाडला. आंबा भराला आला, आणि त्याच्या गावच्या एकाने काठमांडूहून दुसरा कागद पाठवला. या वेळी त्याने आधी मोबाइलच माझ्या हातात दिला. मी सांगेन ते तो ऐकणार होता, आणि नेमकं तेच मला जड झालं. कागदावर 'अमल' होतं. अमल म्हणजे काम. करार होता, शिक्का होता, त्याच्या सरकारची परवानगीही होती. माझ्याशिवाय तिथे कुणालाच अरबी येत नव्हती. 'हाही तसलाच आहे' एवढंच म्हटलं असतं तर पावसापर्यंत तो राहिला असता.

मी कागद वरून खाली, खालून वर वाचला. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "जा."

चौथ्या दिवशी तो गेला, त्याची बायको गावी परतली. मी वाडीत, मग शेजारच्या गावांत माणसं शोधली. एक जण दोन दिवस आला, मग त्यालाही मुंबईहून बोलावणं आलं. वरच्या फांद्यांचा आंबा तसाच राहिला आणि पिकून पडायला लागला. मग राखणदाराचा तिकडून फोन आला. गोदामात काम मिळालंय, तिथे राहायच्या परवान्याचं कार्डही हातात आलंय, म्हणाला. आवाज मोकळा होता.

त्या दिवशी आम्ही दोघं झाडाखाली पडलेली फळं वेचत होतो. बायकोने मान वर न करता विचारलं, "तो कागद वाचायला एवढा वेळ का लागला तुम्हाला?"

मी तिला खरं सांगितलं.

"मला वाटलंच," ती म्हणाली, आणि टोपली पुढच्या झाडाखाली सरकवली.