गुलाबी पडलेली ओळ

सकाळी नाशिकच्या इंदिरानगरातून निघताना हर्कदाजूंनी (दाजू म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ) मिसळ अर्धी टाकली. उरलेली मी संपवली, अन्न वाया घालवू नये. हर्क राई हे नेपाळचे चित्रपट दिग्दर्शक, परदेशात दोनदा बक्षीस मिळवलेले. त्यांच्या चित्रपटांची मराठी सबटायटल्स मी लिहितो, म्हणून त्यांनी मला सोलापूरहून नाशिकला बोलावून घेतलं होतं. हा नावाजलेला माणूस आज निफाडच्या नाना नावाच्या एका बागायतदाराला घाबरला होता.

गाडीत त्यांनी कारण सांगितलं. बाविसाव्या वर्षी ते नानांच्या द्राक्षबागेत मजुरीला होते. उन्हाने द्राक्षं गुलाबी पडू नयेत म्हणून तिथे प्रत्येक घडाला जुनं वर्तमानपत्र गुंडाळतात, कारण गुलाबी माल परदेशी जात नाही. दाजूंना देवनागरी येतच होती. सिनेमाचं पान दिसलं की ते कागद सोडून वाचायचे आणि पुन्हा गुंडाळायला विसरायचे. अख्खी ओळ गुलाबी पडली. कुणाला न सांगता ते मुंबईला पळाले, स्टुडिओत दिवे उचलता उचलता दिग्दर्शन शिकले. त्यांच्या प्रत्येक चित्रपटात कुणीतरी कागदाचा कपटा वाचत का बसलेलं असतं, ते मला आत्ता कळलं.

"हाकलून दिलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर परत मिसळ खाऊ," मी म्हणालो.

बागा सगळ्या सारख्याच. दोन चुकीच्या बांधांवरून माघारी फिरल्यावर नानांची बाग सापडली. नाना पडवीत बसले होते आणि त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, समोरच घडांना कागद लावत होत्या. दाजूंनी हात जोडून सगळं सांगून टाकलं.

नानांनी मान हलवली. "जाऊ द्या. लय वर्सं झाली."

"जाऊ द्या कसं?" काकू म्हणाल्या. "ओळ गुलाबी पडली ती सुमननं कागद ढिले लावले म्हणून, असं हे आजवर सांगतात. पाव्हण्यांना सांगितलं, सुनंला सांगितलं." मग दाजूंकडे वळल्या. "पुन्हा सांग बाबा. मोठ्यानं. सून आत हाय."

दाजूंनी पुन्हा सांगितलं. सून भाकरी थापायची थांबून दारात आली, तेव्हा तिसऱ्यांदाही सांगितलं. नाना चपलांकडे बघत होते.

जेवणात बाजरीची भाकरी आणि ठेचा होता. दाजू तीन भाकऱ्या जेवले.

नाशिकला परतताना ते गुणगुणत होते. "मी इतकी वर्षं नानांना घाबरत होतो. काकूंचा विचारच केला नाही," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं, आणि बरंही.

बागेतून निघताना काकूंनी दाजूंकडून एका घडाला कागद लावून घेतला होता. बोटाने चाचपून पाहिला, सोडला, स्वतः घट्ट लावला आणि नानांना म्हणाल्या, "बघितलं? ढिला असा असतो."